राउटर बदलायचाय? आधी वही काढा, मग वायर

आमच्या घरचा राउटर २०१६ सालचा होता. पांढरा, दोन अँटेनांचा, टीव्हीच्या मागे खिळ्याला टांगलेला. सात वर्षं त्यानं इमानेइतबारे काम केलं. २०२३च्या फेब्रुवारीपासून मात्र दिवसातून तीन-चारदा नेट जायला लागलं. उठायचं, बटण बंद करायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, परत चालू करायचं, असा घरातल्या प्रत्येकाला सराव झाला होता.

मी साताऱ्यात मंगळवार पेठेत राहते आणि घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्न्स बघते. दर महिन्याची ११ आणि २० तारीख माझ्या डोक्यावर असते. मुलीच्या सराव परीक्षा ऑनलाइन, आणि सासूबाईंचा रोज रात्री आठ वाजता नणंदेशी व्हिडिओ कॉल. तो कॉल झाला नाही तर त्यांना नीट झोप लागत नाही. म्हणजे एका छोट्या खोक्यावर तीन माणसांचा दिवस चालतो.

शेवटी मी नवा राउटर आणला आणि १९ मार्चला, रविवारी, बदलायला बसले. पाडवा तीन दिवसांवर, रिटर्नची तारीख दुसऱ्या दिवशी. जुन्याची वायर काढून नव्याला लावली. नेट आलं नाही. नवा राउटर कनेक्शनचं यूजरनेम आणि पासवर्ड मागत होता आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग जुनाच परत लावावा म्हटलं, तर त्याआधी ‘नीट चालू होईल’ या समजुतीनं मी त्याच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबून धरली होती. रिसेट म्हणजे रिस्टार्ट नव्हे. त्यानं सात वर्षांपूर्वी भरलेली सगळी माहिती पुसली जाते. केबलवाल्यांचं ऑफिस रविवारी बंद. राहिलेली सहा रिटर्न्स मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री दीडपर्यंत भरली.

गेल्या वर्षी वाईला माहेरी बाबांचा राउटर बदलला तेव्हा आधी तासभर वही घेऊन बसले. प्रत्यक्ष बदल पंचवीस मिनिटांत झाला. बाबा आतल्या खोलीत मोबाइलवर कीर्तन ऐकत होते, त्यांचं मधे पाच-सात मिनिटं थांबलं तेवढंच. ना फोनमध्ये पासवर्ड घालावा लागला, ना टीव्हीत. घरातल्या माणसांना काही नव्यानं करावं न लागणं, हीच राउटर नीट बदलल्याची खूण. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

आधी दोष कुणाचा ते बघा

आता बहुतेक घरांत फायबर आलंय. भिंतीतून बारीक काळी किंवा पांढरी वायर येते ती काचेच्या तंतूची. ती एका डबीत जाते. केबलवाली मुलं तिला ‘ओएनयू’ किंवा ‘ओएनटी’ म्हणतात. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणं हे तिचं काम. तिथून साधी लॅन केबल निघून राउटरला जाते. काही घरांत ही दोन्ही कामं एकाच खोक्यात असतात.

डबीवरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल दिसला, की प्रकाशच पोचत नाहीये. वायर कुठेतरी तुटली आहे, नाहीतर दुमडली आहे. तिथे दहा हजारांचा राउटर आणला तरी उपयोग नाही, तक्रारच नोंदवायची. दिवा हिरवा आहे पण नेट मधूनमधून जातं, अशा वेळी केबलवाल्याला ‘पॉवर किती येतेय?’ एवढं विचारा. तो उणे आकड्यात सांगेल. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) दरम्यान असेल तर ठीक. उणे २७च्याही खाली असेल तर फायबरचा जोड खराब आहे किंवा वायर दाबली गेली आहे. कपाट मागे सरकवताना ती दबते. फायबर कधीही काटकोनात वळवू नये, वाटीच्या घेराएवढा सैल वेढा ठेवावा. हिरवी किंवा निळी पिन काढलीच, तर टोकाला बोट लावायचं नाही आणि डोळा लावून आत बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

आता अडॅप्टर. भिंतीत खोचलेला तो काळा ठोकळा राउटरच्या आधी म्हातारा होतो. आत कपॅसिटर असतात, उष्णतेनं ते काही वर्षांत फुगतात, आणि राउटरवर कामाचा ताण आला की व्होल्टेज खाली येतं. मग राउटर स्वतःच बंद होऊन चालू होतो. रात्री सगळे घरी आले, टीव्ही-मोबाइल सुरू झाले की नेट जातं आणि दुपारी मात्र काही त्रास नाही, अशी लक्षणं असतील तर संशय अडॅप्टरवर घ्या. मल्टिमीटर लावून तपासणं पुरेसं नाही, कारण भार नसताना तो बरोबर व्होल्टेज दाखवतो. दुसरा अडॅप्टर लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

लावण्याआधी दोन्हींच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचा. आमच्या जुन्यावर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर होतं, नव्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर. पिन दोन्हींची तीच, एकमेकांत सहज बसते, आणि धोका तिथेच आहे. ९ व्होल्टच्या राउटरला १२चा अडॅप्टर लावला तर तो जळू शकतो. व्होल्टचा आकडा अगदी तोच हवा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. शेजारी एक छोटं चित्र असतं, मधे ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन बाजूंना अधिक आणि उणे. अधिक मधल्या ठिपक्याकडे आहे ना, हे दोन्हींवर जुळवून घ्या. शेदीडशे रुपयांच्या अडॅप्टरवर काम भागलं तर राउटर बदलायची घाई नको.

शेवटी वेग. लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला लावून वेग मोजा, मग शेजारी उभं राहून वाय-फायवर मोजा, मग ज्या खोलीत कुरकुर असते तिथे मोजा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. केबलवरच वेग कमी असेल तर तक्रार पुरवठादाराकडे. केबलवर पुरेसा आहे आणि वाय-फायवर कमी, तर मात्र राउटर किंवा त्याची जागा.

आमच्याकडे निघालेली गोष्ट वेगळीच होती. प्लॅन १५० एमबीपीएसचा आणि केबलवर वेग ९४च्या वर जाईना. कारण राउटरची सॉकेट्सच १०० एमबीपीएसची. २०१६ साली आमचा प्लॅन ८ एमबीपीएसचा होता, तेव्हा हे पुरून उरत होतं. प्लॅन वाढत गेले, खोका तोच राहिला, आणि वरच्या वेगाचे पैसे आम्ही निदान दोन वर्षं उगाच भरले.

जुन्या राउटरचं वयही बघा

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. त्यातल्या प्रणालीत दोष सापडत राहतात आणि कंपनी काही वर्षं दुरुस्त्या देते, मग थांबते. थांबल्यानंतर खोका चालू राहतो, पण दाराची कडी सैल झालेली असते. २०१८च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा घातक प्रोग्राम उघडकीला आला. ५४ देशांतली किमान पाच लाख यंत्रं, बहुतेक घरांतले आणि छोट्या ऑफिसांतले राउटर, त्यानं ताब्यात घेतली होती. मे २०२५मध्येही अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला, की कंपनीनं दुरुस्त्या बंद केलेले जुने राउटर पकडून त्यांच्या आडून गुन्हे केले जात आहेत.

माझ्याकडे पंचवीस-तीस दुकानदारांची कागदपत्रं आणि पासवर्ड असतात. त्यांनी विश्वासानं दिलेली. म्हणून मी राउटरच्या खालचं मॉडेल आणि आवृत्ती बघून कंपनीच्या साइटवर शेवटचं अपडेट कोणत्या सालचं आहे ते तपासते. चार-पाच वर्षांत काही आलेलं नसेल तर नेट कितीही चांगलं चालू दे, खोका बदलायचा.

वहीत काय लिहायचं

जुना चालू असतानाच हे करायचं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत गेलात की प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि मोजक्या गोष्टी हातानं वहीत उतरवा.

सगळ्यांत आधी इंटरनेटच्या पानावर कनेक्शनचा प्रकार. ‘पीपीपीओई’, म्हणजे यूजरनेम-पासवर्डनं लॉगिन करायचं कनेक्शन, असेल तर यूजरनेम तिथे दिसतं, पासवर्ड मात्र टिंबांत. तो केबलवाल्याकडूनच घ्यावा लागतो. कामाच्या दिवशी, ऑफिस उघडं असताना फोन करा आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. तोंडी घेतला तर शून्य आणि ‘ओ’ यांत गोंधळ होतो. त्याच फोनमध्ये आणखी दोन गोष्टी विचारा. ‘व्हीलॅन आयडी’, म्हणजे काही पुरवठादार आपल्या लाइनला देतात तो क्रमांक, टाकावा लागतो का? आणि ‘मॅक बाइंडिंग’ आहे का?

हे दुसरं नीट समजून घ्या. प्रत्येक यंत्राला जन्मतः एक बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता असतो. बरेच केबलवाले तुमच्या खात्याला तुमच्या राउटरचा मॅक पत्ता बांधून ठेवतात. नवा राउटर लावला की पत्ता वेगळा, म्हणून त्यांचा सर्व्हर दार उघडत नाही. यूजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरी नेट नाही. त्या रविवारी मला पासवर्ड मिळाला असता तरी इथे अडकलेच असते. उपाय दोन. एक तर त्यांना सांगून बाइंडिंग काढून घ्यायचं. नाहीतर जुन्याचा मॅक पत्ता वहीत लिहून ठेवायचा आणि नव्यात ‘मॅक क्लोन’ या पर्यायात भरायचा.

मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, अक्षरनक्षर. कॅपिटल कुठे, स्मॉल कुठे, मधे रिकामी जागा आहे का. नव्या राउटरला हेच नाव आणि हाच पासवर्ड द्यायचा आहे. फोन, टीव्ही, प्रिंटर हे नाव-पासवर्डावरून घर ओळखतात, खोका कोणता आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. पासवर्ड फारच सोपा किंवा गल्लीभर पसरलेला असेल तर बदलावा, पण मग प्रत्येक यंत्र हातात घेऊन बसायची तयारी ठेवा.

राउटरचा स्वतःचा पत्ताही लिहा, कारण घरात कॅमेरे असतील तर हा फार महत्त्वाचा. आमच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या खोक्याला, बसवणाऱ्यानं १९२.१६८.१.१०८ असा पक्का पत्ता दिला होता. नवा राउटर १९२.१६८.०.१ या पत्त्यावर आला, आणि सगळं चालू झालं तरी मोबाइलवर कॅमेरे दिसेनात. तिसऱ्या आकड्यात शून्य आणि एकाचा फरक, म्हणजे दोघं वेगवेगळ्या गल्लीत. कॅमेरावाल्याला बोलावायची गरज नसते. नव्या राउटरचा पत्ता जुन्यासारखा केला की डीव्हीआर जिथे होता तिथे सापडतो. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’च्या (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे पाठवायची सोय) पानावर काही लिहिलेलं असेल तर तेही उतरवून घ्या.

घरात एकच खोका असेल, म्हणजे फायबर थेट त्याच्यातच जात असेल, तर तो परस्पर बदलता येत नाही. त्याचा अनुक्रमांक पुरवठादाराकडे नोंदलेला असतो. लँडलाइनचा फोनही बहुधा त्याच्याच मागे लावलेला असतो. आधी त्यांच्याकडेच नवा मागून बघा. मिळाला नाही तर त्याचं वाय-फाय बंद करून तुमचा राउटर त्याच्या पुढे जोडा आणि त्यांना तो खोका ‘ब्रिज मोड’ला टाकायला सांगा, म्हणजे राउटरचं काम तो सोडून देतो. नाहीतर एकामागे एक दोन राउटर होतात आणि बाहेरून कॅमेरे बघायला अडचण येते.

कोणता घ्यावा

दुकानात अँटेना मोजून राउटर विकतात. अँटेना चार आहेत म्हणून घेऊ नका. खोक्याच्या पाठीवर ‘गिगाबिट’ शब्द शोधा, आणि तो आत येणाऱ्या ‘वॅन’ सॉकेटला आणि बाहेर जाणाऱ्या ‘लॅन’ सॉकेटांना, दोन्हींना लागू आहे का ते बघा. स्वस्तातल्या काही दोन-बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालणाऱ्या) राउटरांना वाय-फाय वेगवान आणि सॉकेट मात्र १००चंच असतं. मग ९४च्या पलीकडे काही मिळत नाही.

मोठे आकडे नीट वाचा. एएक्स १५०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१, यांची बेरीज. कोणत्याही एका फोनला १५०० मिळत नाहीत. आमचा जुना ‘एन’ प्रकारचा, म्हणजे आताच्या भाषेत वाय-फाय ४, ते मानक २००९ सालचं. आता घ्यायचा तर वाय-फाय ६ घ्यावा असं माझं मत आहे. वेग मिळतोच, पण एकाच वेळी दहा-पंधरा यंत्रं जोडलेली असताना तो त्यांना नीट वाटून देतो. आमच्या घरी मोजली तर तेरा निघाली. वाय-फाय ७साठी जास्त पैसे मोजायची साध्या घराला गरज नाही. फोनच नव्या तंत्राचे नसतील तर त्याचा फायदा कुणाला होणार?

एक चूक मात्र टाळा. टेलिफोनच्या बारीक पिनचं सॉकेट असलेला जुन्या पद्धतीचा मोडेम-राउटर फायबरच्या घराला नको. आणि बिल घ्या. वॉरंटी त्यावरच चालते.

प्रत्यक्ष बदल

दिवस साधा निवडा. कामाचा वार, सकाळची वेळ, केबलवाल्यांचं ऑफिस उघडं. फोनमध्ये मोबाइल डेटा असू द्या.

नवा राउटर टेबलावर ठेवा, वीज द्या, पण फायबरच्या डबीला अजून जोडू नका. जुना आपल्या जागी चालू राहू दे, घरातलं नेट चालू राहू दे. लॅपटॉप लॅन केबलनं नव्याला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि त्याचं पान उघडा. पहिला प्रश्न येतो राउटरच्या स्वतःच्या पासवर्डचा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. ‘ॲडमिन’ ठेवू नका, नवा ठरवा आणि वहीत लिहा.

मग वहीतून एकेक उतरवा. पीपीपीओईचं यूजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन असेल तर तो, मॅक क्लोन हवा असेल तर तो. वाय-फायचं नाव-पासवर्ड जुनाच. सुरक्षेच्या पर्यायात ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असं मिश्र निवडा. जुना प्रिंटर किंवा टीव्ही जोडायला कुरकुर करू लागला तर फक्त डब्ल्यूपीए२ आणि ‘एईएस’ ठेवा. ‘टीकेआयपी’ अजिबात नको. ते निवडलं की वाय-फायचा वेग ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, राउटर कितीही नवा असला तरी. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची बटण दाबून जोडायची सोय बंद करा आणि बाहेरून राउटर उघडायची ‘रिमोट मॅनेजमेंट’ही बंद करा. राउटरचा पत्ता सगळ्यांत शेवटी बदला. तो बदलला की पान तुटतं आणि नव्या पत्त्यावर परत आत जावं लागतं. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं.

आता जुन्याचं बटण बंद. फायबरच्या डबीचंही बंद, पाच मिनिटं. या पाच मिनिटांत त्यांच्या सर्व्हरवरचं तुमचं जुनं लॉगिन सुटतं. घाईनं दोन मिनिटांत चालू केलं तर ‘आधीच लॉगिन आहे’ म्हणून नव्याला दार बंद मिळू शकतं. मग डबीकडून येणारी लॅन केबल नव्याच्या वॅन सॉकेटमध्ये घाला. हे सॉकेट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं, किंवा त्यावर तसं लिहिलेलं असतं. टक् असा आवाज आला पाहिजे. आधी डबी चालू करा, हिरवा दिवा स्थिर झाला की राउटर.

ही केबलसुद्धा तपासा. वाईला नवा राउटर लावला तरी वेग ९४लाच अडला. केबलचं टोक उजेडात धरून पाहिलं. पारदर्शक पिनमध्ये आठ बारीक तारा ओळीनं दिसतात, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शेवटची तपकिरी तार पितळी पट्टीपर्यंत पोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर मागे राहिली होती. १०० एमबीपीएसला आठांतल्या चारच तारा लागतात, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. गिगाबिटला आठही लागतात. तयार पिनची एक मीटर कॅट ६ केबल आणली आणि वेग १४०वर गेला. अशा ठिकाणी माणूस नव्या राउटरला दोष देऊन तो परत करून येतो.

नेट आलं की पहिलं काम अपडेट. राउटरच्या पानावर ‘फर्मवेअर अपग्रेड’ असतं. ते चालू असताना लाइट गेली तर खोका कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून हे इन्व्हर्टरवर किंवा राउटरच्या मिनी यूपीएसवर करा. मिनी यूपीएस नवा घेणार असाल तर डबी आणि राउटर दोन्हींचे व्होल्ट बघूनच घ्या. आमचा जुना ९ व्होल्टचा यूपीएस नव्याला चालला नाही. आता १२ व्होल्टचा, दोन तोंडांचा आहे, त्यावर दोन्ही चालतात आणि लाइट गेली तरी सासूबाईंचा कॉल तुटत नाही.

जागा

राउटर टीव्हीच्या मागून काढा. टीव्हीची मागची धातूची बाजू, आरसा, लोखंडी कपाट, माशांची टाकी, हे सगळं लहरी अडवतं. छातीच्या उंचीच्या वर, घराच्या मध्याजवळ, मोकळ्या हवेत. फ्रिजवर नको, तिथे उष्णता असते. मायक्रोवेव्हशेजारी नको, तोही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो.

आमच्या भिंती दगडी, हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झ अशा एका भिंतीनं अर्धमेलं होतं आणि दुसरीला थांबतं. २.४ थोडं पुढे जातं, पण वेग कमी. माझी कामाची खोली वरच्या मजल्यावर. महागडा राउटर घेऊन हे सुटत नाही, भिंत भिंतच राहते. मी जिन्याच्या कडेनं एक लॅन केबल वर नेली आणि वर जुना राउटर लावला. आधी त्याला फक्त वाय-फाय पसरवायच्या कामाला लावायचं. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, ‘डीएचसीपी’ (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करायचं, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅन सॉकेटमध्ये घालायची. हे तीन केलं की तो नव्याचा हात होतो. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघंही यंत्रांना पत्ते वाटायला लागतात आणि घरभर गोंधळ होतो. अपडेट न मिळणारा खोका मी असा चार महिने वापरला, मग वरही नवा घेतला. त्याहून जास्त दिवस ठेवू नये असं मला वाटतं.

दोन-तीन दिवस घरातल्या प्रत्येक यंत्राची हजेरी घ्या. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरे, वाय-फायचा प्लग, इन्व्हर्टर. यांतली बरीच फक्त २.४ ओळखतात. नव्या राउटरनं दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असतं आणि एखादं यंत्र त्यामुळे जोडत नसेल, तर जोडण्यापुरतं ५ बंद करा, जोडून झालं की चालू करा.

जुन्याचं काय

हजेरी पूर्ण झाल्यावर, निदान आठवड्यानं, जुन्याच्या भोकात पिन घालून दहा सेकंद धरा. आता ते योग्य आहे, कारण त्यात तुमचा पासवर्ड आणि खात्याचं नाव आहे. मग तो ई-कचऱ्यात द्या, भंगारात नको. पुरवठादाराची डबी मात्र तुमची नाही. अनामत भरलेली असेल तर परत करताना पावती घ्या.

वाईला निघताना मी एका कागदावर यूजरनेम, वाय-फायचं नाव, राउटरचा पत्ता, अडॅप्टरचे व्होल्ट आणि बसवल्याची तारीख लिहिली. कागद दुधाच्या हिशोबाच्या वहीत चिकटवला. ती वही बाबा रोज उघडतात.